वाट बदलली तर चार्ट कुठला?

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत टेक्निकल लिहायचं म्हणजे मला थोडं टेन्शनच! पण आपल्या हॉस्टेलवर रात्री फ्लाइट सिम्युलेटर चालवणारे बरेच आहेत, आणि चार्ट न बघता उडणारेही बरेच. हा लेख खास त्यांच्यासाठी.

अमेरिकेत छोटं विमान बाहेरची जमीन बघत न्यायचं असेल, तर ‘सेक्शनल चार्ट’ वापरतात. स्केल 1:5,00,000, म्हणजे चार्टवरचा 1 सें.मी. = जमिनीवरचे 5 कि.मी. काही गजबजलेल्या विमानतळांसाठी 1:2,50,000 स्केलचा ‘टर्मिनल एरिया चार्ट’ही मिळतो.

आता एक उदाहरण घेऊ. ओक्लाहोमा सिटीहून उत्तरेला विचिटा. अंतर सुमारे 250 कि.मी., म्हणजे चार्टवर अर्धा मीटर. सुरुवात डॅलस-फोर्ट वर्थ चार्टवर होते. तो 36 अंश अक्षांशाच्या आसपास संपतो आणि पुढे विचिटा चार्ट लागतो. दोन चार्ट घेतले की झालं? नाही!

विचिटा चार्टची पूर्वेची कड 97 अंश रेखांशाजवळ आहे, आणि आपला मार्ग त्या कडेच्या अगदी जवळून जातो. वसंत ऋतूत तिथे गडगडाटी वादळं होतात आणि ती बहुधा पश्चिमेकडून येतात. म्हणजे वळायचं पूर्वेला, समजा टल्साला. टल्सा आहे कॅन्सस सिटी चार्टवर. ठरलेला मार्ग या तिसऱ्या चार्टला शिवतही नाही, पण ऐन वेळी लागतो तोच.

थोडा हिशोब करू. वेग 100 नॉट (ताशी 185 कि.मी.), वारा शून्य. वाटेतल्या पॉन्का सिटीवरून विचिटा 35 मिनिटं, टल्सा 40 मिनिटं. फरक फक्त पाचाचा! पण विचिटाच्या डोक्यावर जाऊन मग टल्साला वळलात तर वरची 68 मिनिटं लागतात. दिवसाच्या उड्डाणाला नियमाने राखीव इंधन असतं 30 मिनिटांचं. म्हणजे निर्णय लवकर हवा, आणि तिसरा चार्ट जवळ नसेल तर तो लवकर होणार कसा?

म्हणून चार्ट निवडताना :
1. मार्गाची रेघ मारा.
2. दोन्ही बाजूंचे, उतरता येतील असे विमानतळ शोधा.
3. ते ज्या ज्या चार्टवर आहेत, ते सगळे घ्या.
4. पर्यायी वाटेवरच्या चौकोनांतले मोठे आकडे वाचा. मोठा 2 आणि शेजारी छोटा 7 म्हणजे 2,700 फूट. त्या चौकोनातले डोंगर, टॉवर या उंचीच्या आत आहेत.
5. तारीख तपासा. 2021 पासून हे चार्ट दर 56 दिवसांनी नवे निघतात.

टॅब्लेट असला तरी हेच. शेजारचा चार्ट आधीच डाउनलोड करून ठेवा, वर नेट मिळेलच असं नाही. ठरल्या ठिकाणी पोचता आलं नाही तर पर्याय काय, हे उड्डाणाआधी माहीत असणं तिथल्या कायद्यानेच पायलटवर बंधनकारक आहे.

एफएए हे चार्ट नेटवर फुकट देते. तेव्हा विंगमधल्या पायलट लोकांनो, आज रात्री तिन्ही चार्ट उघडून हा मार्ग उडवा आणि पॉन्का सिटीवर वादळ लावून बघा!