दुसरा बैल गोठ्यातच

आमच्या डीटीपीच्या खोलीसमोर एका जाहिरात एजन्सीचं ऑफिस आहे. २००१ साली तिथे दोन प्रोसेसरवाला पॉवरमॅक जी-फोर आला आणि माझी झोप उडाली. फोटोशॉपमध्ये कव्हरचा फोटो ब्लर करायला घेतला की माझा चहा संपायचा तरी पट्टी सरकतच असायची. त्यांच्याकडे कप तोंडाला लागायच्या आत काम खलास. त्यात चार दिवाळी अंक हातात.

मॅक परवडणारा नव्हता. नेहमीच्या पुरवठादाराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, दोन पेंटियम थ्रीचं मशीन असेंबल करून देतो. एका बैलाची गाडी कुठे अन् दोन बैलांची कुठे!" मी साध्या मशीनच्या जवळजवळ दीडपट पैसे मोजले. आगाऊ. तेही हसत.

गणपतीत मशीन आलं. पहिले दोन दिवस 'फरक वाटतोय हं' असं मीच मला सांगत होतो. तिसऱ्या रात्री इंजिनिअरिंगला असलेला भाचा प्रसाद घेऊन आला, स्क्रीन बघून थबकला. "मामा, यावर विंडोज ९८ का टाकलंय?"

"का? आपली मराठी अक्षरं त्याच्यावरच चालतात."

त्याने मशीन बंद केलं, वायर काढली, डबा उघडला. "हात लावून बघा." एक हीटसिंक चांगलाच तापलेला. दुसरा गार. देवघरातल्या तांब्यासारखा गार. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही, त्याला एनटी किंवा २००० लागतं, हे भाच्याने मग शांतपणे सांगितलं. मी खुर्चीत बसून राहिलो. पंधरा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला हे एका पोराने सांगावं!

सकाळी पुरवठादाराला फोन केला. उत्तर काय? "तुम्ही विंडोज २००० मागितलंच नाही." अहो, मी दोन बैल मागितले होते, जू तुम्ही आणायचं नाही का? आठवड्याने त्याने २००० टाकून दिलं, त्याचे वेगळे पैसे लावून. तर आमच्या मराठी पॅकेजचं जुनं व्हर्जन त्यावर उघडेना. नवं घ्या म्हणे. शेवटी अंकांची पानं जुन्याच मशीनवर लावली, नव्यावर फक्त फोटो.

तेव्हा अशा मशीनसाठी ज्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं त्यांना मी एवढं सांगायचो. पैसे देण्याआधी दुकानातच टास्क मॅनेजर उघडायला लावा. प्रोसेसरचे दोन आलेख वेगवेगळे हलताना दिसले पाहिजेत. मग एक्सपी आलं, पण त्यातलं होम एकच प्रोसेसर वापरायचं. दोन हवे तर प्रोफेशनल लागायचं. स्वतःची फाइल, स्वतःचा फाँट, तो चालवायला लागणारा डोंगल घेऊन जा. पेजमेकरमध्ये पानं लावणाऱ्याला दुसऱ्या प्रोसेसरचा उपयोग जवळपास शून्य होता. फोटोशॉपचे काही फिल्टर मात्र काम दोघांत वाटून घ्यायचे. तरी हिशेब करा: कामाचा निम्माच भाग वाटता येत असेल, तर वेग दुप्पट होत नाही, फार तर एक पूर्णांक एक तृतीयांश पट होतो. हे जीन ॲमडाल नावाच्या गृहस्थाने १९६७ सालीच मांडून ठेवलंय. त्यातून दोन्ही पेंटियमना मेमरीकडे जायचा रस्ता एकच. माझं मशीन खरं हललं ते रॅम १२८ वरून ५१२ एमबी केल्यावर. म्हणजे आधी तेवढंच केलं असतं तरी भागलं असतं. बिल जपून ठेवा, आगाऊ पूर्ण पैसे देऊ नका, वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होतं.

समोरच्या एजन्सीतला आर्टिस्ट नंतर एकदा सहज बोलून गेला, की त्यांचा मॅक अजून ओएस नाइनवर आहे आणि क्वार्कमध्ये पानं लावताना दुसरा प्रोसेसर तिथेही बसूनच असतो. खोटं कशाला बोलू, ऐकून जरा बरं वाटलं.

पुरवठादार लक्ष्मी रोडवर अधूनमधून भेटतो. "साहेब, चहा?" म्हणतो. मी घेत नाही.