ही धूळ अवकाशातली कशावरून?

प्रश्न : विमानातून अवकाशातली धूळ गोळा करतात, असे वाचले. ती पृथ्वीवरूनच उडालेली नाही, हे प्रयोगशाळेत कसे ओळखतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शंका रास्त आहे. गोळा केलेल्या धुळीत ज्वालामुखीची राख असते, रॉकेटच्या घन इंधनातून निघालेले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे गोळेही असतात. खरी कसोटी निवडण्यात आहे.

डोनाल्ड ब्राउनली यांनी १९७०च्या दशकात यू-२ विमानांच्या मदतीने ही धूळ मिळवली. १९८१पासून नासा ती नियमित गोळा करते. सुमारे २० किलोमीटर उंचीवर विमानाच्या पंखाखालच्या पट्ट्या उघडतात आणि त्यांना लावलेल्या सिलिकॉन तेलात कण चिकटतात. पुढे ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने एकेक कण उचलून हेक्झेनने धुतात. कण असतो साधारण १० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा. इतका लहान असल्यामुळेच तो उल्केसारखा जळून जात नाही: विरळ हवेतच त्याचा वेग मंदावतो आणि उष्णता चटकन बाहेर पडते.

आधी क्ष-किरणांच्या साहाय्याने मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह, गंधक यांचे प्रमाण पाहतात. ते आदिम उल्कापाषाणांशी जुळले, तर कण अवकाशातला असण्याची शक्यता दाट. पण एवढ्यावर भागत नाही. कण राळेत बसवून हिऱ्याच्या पात्याने त्याचे काप काढतात, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहून पातळ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर काही स्फटिकांत बारीक रेघा दिसतात. सौरज्वाळांतून सुटलेल्या जड अणुकेंद्रकांनी कोरलेल्या या खुणा! हजारो वर्षे उघड्या अवकाशात भटकल्याशिवाय त्या उमटत नाहीत, आणि पृथ्वीवरच्या धुळीला वातावरणाचे छत्र असते. याहून भक्कम पुरावा मला तरी दुसरा वाटत नाही.

२००३मध्ये स्कॉट मेसेंजर आणि सहकाऱ्यांनी अशा कणांतल्या काही सिलिकेटांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, तर ते आपल्या सूर्यमालेशी जुळेचना. ते सिलिकेट सूर्य जन्मण्याआधी दुसऱ्या ताऱ्यांभोवती घडले होते. सूर्याहून जुना पदार्थ माणसाच्या हाती यावा, तोही विमानाच्या पंखाखालून, ही मला विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या विज्ञानाची फार मोठी कमाई वाटते.

नासाची ‘कॉस्मिक डस्ट कॅटलॉग’ ही सूची सर्वांना खुली आहे. तीत प्रत्येक कणाचे छायाचित्र, क्ष-किरण वर्णपट आणि तो अवकाशातला की पृथ्वीवरचा, याचा प्राथमिक निर्णय दिलेला असतो. आधी निर्णय झाकून स्वतः अंदाज बांधा, मग पडताळून पाहा.