जोगळटेंभीची नाणी : चांदीवर लिहिलेला इतिहास



शेत नांगरताना जुनी चांदीची नाणी सापडली, तर घरात पहिला प्रश्न काय येतो? "किती तोळे भरतील?" इतिहास शिकणाऱ्याने मात्र विचारायचं, "यावर काय लिहिलंय?"

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगळटेंभी इथे १३,००० हून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. ही क्षत्रप राजा नहपान याची नाणी. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, तर दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. एका छोट्याशा नाण्यावर तीन लिप्या!

त्या काळात आपला प्रदेश जगाशी जोडलेला होता. 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या पुस्तकात लिहिलंय, की रोमची सोन्या-चांदीची नाणी भडोच बंदरात येत आणि बदलताना त्यांवर नफा मिळे. आपल्या पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोचला जाई.

आता खरी गंमत बघा. या नाण्यांपैकी ९,००० हून जास्त नाण्यांवर दुसरा ठसा आहे. तो आहे गौतमीपुत्र सातकर्णीचा. त्याने नहपानाची नाणी वितळवली नाहीत, त्यांवरच आपला ठसा मारला. म्हणजे बाजारात नाणं हातात घेणाऱ्याला लगेच कळे, की आता राज्य कोणाचं आहे. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखातही सातकर्णीने क्षहरात घराण्याचा पाडाव केल्याचं कोरलंय. नहपान याच घराण्यातला. लेख आणि नाणी, दोन्ही पुरावे जुळले!

ही नाणी कोणी सोनाराकडे वितळवली असती तर? चांदी उरली असती, पुरावा गेला असता.

आपल्या कात्रजच्या डोंगरावर किंवा गावाकडच्या शेतात जुनं नाणं दिसलं, तर एवढं कराः
१. चिंच, लिंबू, राख लावून घासू नका. अक्षरं झिजतात.
२. नेमकी जागा लक्षात ठेवा आणि पुढे खणू नका.
३. घरच्यांना, शिक्षकांना सांगा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

उपक्रम : घरातली पाच नाणी घ्या. वर्ष, चिन्ह आणि लिपी वहीत लिहा. दोन हजार वर्षांनी ही नाणी सापडली, तर आपल्याबद्दल काय कळेल? पाच ओळी लिहा.