खेडचे रणांगण

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना वाटेत भोर तालुक्यातील कापूरहोळ हे गाव लागते. येथील धाराऊ गाडे यांनी तान्ह्या संभाजीराजांना आपले दूध पाजून वाढविले. याच संभाजीराजांच्या पुत्राला पुढे आपल्याच माणसांविरुद्ध रणांगणावर उभे राहावे लागले. ती कथा या पाठात वाचावयाची आहे.

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला. त्या वेळी सात वर्षांचे शाहूराजे आई येसूबाईंसह कैद झाले. सुमारे अठरा वर्षे त्यांनी मोगलांच्या छावणीत काढली. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला. त्याचा पुत्र आझमशहा याने शाहूराजांना सोडून दिले. मात्र येसूबाईंना ओलीस ठेवले. मराठ्यांत दुही माजावी, हा यामागील हेतू होता.

इकडे राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई राज्यकारभार पाहत होत्या. नात्याने त्या शाहूराजांच्या काकू. पतीच्या निधनानंतर सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी निकराची झुंज दिली होती. एवढ्या कष्टाने राखलेले राज्य सोडण्यास त्या तयार नव्हत्या. आलेला पुरुष तोतया आहे, असे त्यांनी जाहीर केले आणि सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. दोहोंची भाषा एक, दैवतेही एकच! ताराबाईंच्या बाजूने सेनापती धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी आले होते. धनाजींचे मन द्विधा झाले. शपथ मोडावी, की शिवछत्रपतींच्या नातवावर शस्त्र उगारावे? बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांचे मन वळविले. शाहूराजे खरे आहेत, अशी खात्री पटल्यावर धनाजी त्यांना मिळाले. प्रतिनिधी लढले, परंतु त्यांना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूराजांचा राज्याभिषेक झाला.

लढाई लहान होती. पण घरातील कलह तेथे संपला नाही. पुढे सातारा व कोल्हापूर अशी दोन राज्ये झाली. १७३१ च्या तहाने वारणा नदी त्यांची सीमा ठरली. एका घरातील तंटा मिटण्यास चोवीस वर्षे लागली!

खेडला आता राजगुरुनगर म्हणतात. मुलांनो, तेथे भीमेच्या काठी उभे राहाल, तेव्हा कापूरहोळची आठवण ठेवा. धाराऊंनी दुसऱ्याच्या लेकराला आपले मानले. खेडला आपल्यांनीच आपल्यांवर शस्त्र धरले.

शब्दार्थ : दुही – फूट, तोतया – खोटे नाव धारण करणारा, द्विधा – दोन विचारांत सापडलेले.

स्वाध्याय
१. आझमशहाने शाहूराजांना का सोडले?
२. ताराबाई राज्य सोडण्यास का तयार नव्हत्या?
३. धनाजींच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? कारणांसह लिहा.