मोटारीवरची जुनी फिल्म कशी काढावी?

नवी वस्तू घरात आली की तिच्यावरचे प्लास्टिक काढायला आपला जीव होत नाही. टीव्हीवरचा पातळ कागद, कपाटाच्या आरशावरची पट्टी, मोटारीच्या सीटवरचे प्लास्टिक, सगळे तसेच राहते. वस्तू नवी राहावी, एवढाच त्यामागे हेतू. हेतू चांगलाच आहे. पण मोटारीच्या रंगावर जी फिल्म चिकटवलेली असते, तिचे काम काही वर्षांचे असते. ती वर्षे सरली की रंग राखणारी फिल्मच रंगाला घातक होते.

ही फिल्म म्हणजे काय, ते आधी पाहू.

कारखान्यातून मोटार ट्रेलरवर लादून दुकानात येते. वाटेत ओरखडे पडू नयेत म्हणून काही गाड्यांच्या बॉनेटवर आणि टपावर पांढरा प्लास्टिकचा पापुद्रा लावतात. तो प्रवासापुरताच असतो. गाडी ताब्यात घेताना तो काढून घ्यावा. दुसरी फिल्म म्हणजे रंगीत चित्रांची, पट्ट्यांची. तिला व्हिनाइल म्हणतात. दुकानदार तिला स्टिकर म्हणतो. तिसरी पारदर्शक असते, म्हणजे तिच्यातून खालचा रंग दिसतो. ही खास रंग राखण्यासाठीच केलेली असते. खडा लागला तर ती स्वतः मार खाते आणि रंग वाचवते.

या तिसऱ्या फिल्मची गोष्ट मोठी मजेची आहे. १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. तिथे अमेरिकेच्या हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजत. म्हणून पात्यांच्या कडांवर चिवट प्लास्टिकची पट्टी चिकटवू लागले. पुढे तीच युक्ती शर्यतीच्या मोटारींवर आली आणि मग आपल्यासारख्यांच्या गाड्यांवर. माणूस लढाईसाठी काय काय शोधतो, आणि ते शेवटी कुठे कामाला येते! असो.

आपले पारोळे सुरत-नागपूर महामार्गावर आहे. या रस्त्याला पूर्वी ६ नंबर म्हणत, आता ५३ म्हणतात. पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडते आणि मागच्या गाडीच्या बॉनेटवर बसते. तेव्हा इथल्या माणसाने फिल्म लावली तर त्यात चूक काही नाही. पण आपले ऊन कसे आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. मे महिन्यात खानदेशात पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचे बॉनेट याहून कितीतरी जास्त तापते. ६० अंशांच्या वर जाते. हात ठेवला तर चटका बसतो.

अशा उन्हात फिल्मचे काय होते? उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी प्लास्टिक पिवळे पडते. त्यातला मऊपणा जातो. ते आकसते, तडकते. कडा उचलल्या जातात आणि त्यांच्याखाली धूळ व पाणी शिरते. खालचा चिकटा वाळून घट्ट बसतो. चांगल्या फिल्मला विकणारे ५ ते १० वर्षांची हमी देतात. स्वस्त स्टिकर आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांतच कडक होतो. फिल्म पिवळी दिसली, बारीक भेगा पडल्या, कड नखाने टकटक वाजू लागली, की समजावे, हिची मुदत संपली. आणखी एक उन्हाळा थांबलात तर काम दुप्पट होईल.

आता एक मोजमाप ध्यानात घ्या. तुमच्या हातात जे पुस्तक आहे, त्याचे एक पान बोटांत धरून बघा. मोटारीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण एवढेच जाड असतात. म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग. त्यात खाली प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर चकाकीचा पारदर्शक थर असतो. पेंटर त्याला क्लिअर म्हणतात. तो तर या पानाच्या निम्म्याएवढाच. आणि रंग राखणारी फिल्म? ती दीड ते दोन पानांएवढी जाड. वरचे पांघरूण अंगापेक्षा जाड आहे. ते ओरबाडून काढले तर काय होईल, हे उघड आहे.

भरताचे वांगे तुम्ही घरी नेहमीच सोलता. पऱ्हाट्यांवर भाजलेले वांगे कोमट असताना सोलले तर साल अलगद निघते. पार थंड होऊ दिले तर साल गराला धरून बसते, आणि जोर केला की गरही बरोबर येतो. फिल्मचेही असेच आहे. ऊब, आणि सावकाश हात. बाकी सगळे यामागून येते.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाने कर्ज काढून जुनी गाडी घेतली. पारोळा ते धुळे भाडी मारायची, लग्नसराईत वरात न्यायची, असा त्याचा बेत. बॉनेटवर आणि दोन्ही मडगार्डांवर आधीच्या मालकाने लावलेली फिल्म होती. पार पिवळी, वाळल्या चिखलासारखी भेगाळलेली. अशा गाडीला लग्नाचे भाडे कोण देणार? आणि रंग खराब झाला तर नव्याने रंगवायला काही हजार रुपये लागणार. हप्ता तर महिन्याच्या महिन्याला भरायचाच.

मुलगा ब्लेड घेऊन बसला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरच्या काळ्या फिल्म काढायला लावल्या होत्या. एप्रिलच्या २७ तारखेला निकाल झाला आणि मे महिन्यापासून पोलीस गाड्या अडवू लागले. तेव्हा अनेकांनी ब्लेडने काच खरवडली. याच्या मामानेही खरवडली होती. ते याने पाहिलेले.

शेजारच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या पेंटरने त्याला हटकले.

"कसाले घाई करी ऱ्हायना, भाऊ?" म्हणजे, कशाला घाई करतोस?

"चाचा, काचेची फिल्म अशीच काढतात ना?"

"काच दगडासारखी असते. ब्लेड तिच्यावरून घसरते. हा रंग आहे. एक रेघ उठली तर पॉलिशनेसुद्धा जायची नाही. आणि काचेवरही जपूनच. मागच्या काचेवर दव घालवायच्या तारा असतात. ब्लेडने त्या तुटतात."

"मग गरम करू? गॅसची शेगडी आणतो."

"जाळ अजिबात नको. पंप स्टोव्ह नको, टॉर्च नको. आधी हे सांग, गाडी कधी ठोकली होती का? कुठला भाग पुन्हा रंगवलेला आहे?"

मुलाला माहीत नव्हते. जुनी गाडी घेणाऱ्याला सहसा ते माहीत नसतेच. विकणारा सांगत नाही.

हा प्रश्न चाचांनी उगीच विचारला नाही. कारखान्यात रंग भट्टीत भाजलेला असतो, सुमारे १४० अंशांवर. तो पत्र्याला घट्ट धरून असतो. गॅरेजात दुसऱ्यांदा दिलेला रंग कमी उष्णतेवर किंवा नुसत्या हवेवर वाळवतात. त्याची पकड तेवढी नसते. फिल्मबरोबर सालपट निघते ते बहुधा अशाच रंगाचे.

ओळखायचे कसे? दाराच्या आणि काचेच्या रबरी कडांवर रंगाचे बारीक शिंतोडे आहेत का, ते बघावे. सकाळच्या तिरप्या उन्हात शेजारशेजारच्या दोन पत्र्यांचा रंग ताडून पाहावा. बॉनेट उघडून बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला आहे का, ते बघावे. लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्याला लावावा. जिथे खड्डा लांबीने भरलेला आहे, तिथे तो नीट धरत नाही. या गाडीच्या डाव्या मडगार्डावर चुंबक खाली घसरला. तेव्हा ते मडगार्ड शेवटी करायचे ठरले.

काम सकाळी आठच्या सुमारास सुरू केले. वेळेला इथे महत्त्व आहे, बरं का. हिवाळ्यातल्या पहाटे फिल्म काचेसारखी कडक असते, तिचे तुकडे तुकडे होतात. भर दुपारी उलट घडते. चिकटा इतका पातळ होतो की फिल्म निघते आणि डिंक रंगावरच राहतो. पत्रा हाताला चांगला गरम लागावा, पण हात क्षणभर ठेवता यावा, एवढीच ऊब हवी.

प्रथम गाडी धुऊन घ्यावी. धुळीचे कण राहिले तर घासताना तेच ओरखडे काढतात. मग टॉवेल कढत पाण्यात बुडवून, पिळून, फिल्मच्या एका कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटे ठेवावा. उकळते पाणी ओतू नये. केस वाळवायचा ड्रायर असेल तर उत्तम. गॅरेजातली हीट गन वापरायची तर वीतभर लांब धरावी आणि सारखी हलवत राहावी. एका जागी थांबली तर रंगावर फोड येतो.

कोपरा ऊबला की नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचलावा. चाकू, पत्र्याची पट्टी, स्क्रू ड्रायव्हर यांतले काही नको. आता फिल्म सरळ वर ओढायची नाही. वर ओढली की सगळा जोर रंगाला वर उचलतो. तिला मागे दुमडून, पत्र्यालगत, तिरपी ओढावी. एका हाताने ओढावे, दुसऱ्या हाताने पुढची जागा ऊबवत जावे. अडली तर थांबावे, पुन्हा ऊब द्यावी. त्या मुलाच्या एका बॉनेटला अर्धा दिवस गेला. ते लवकर होणारे कामच नाही.

डाव्या मडगार्डावर व्हायचे तेच झाले. रुपयाएवढा रंग फिल्मबरोबर उचलला गेला. चाचांनी लगेच हात थांबवला. उचललेला भाग पुन्हा दाबून बसवला आणि मोकळी झालेली फिल्म कात्रीने कापून टाकली. मग दुसऱ्या बाजूने, बोटभर रुंदीच्या पट्ट्यांनी, जास्त ऊब देत बाकीची काढली. तो रुपया तेवढा ब्रशने रंगवावा लागला. ओढतच राहिले असते तर सगळे मडगार्ड उघडे पडले असते.

फिल्म निघाली तरी चिकटा थोडा राहतो. काढलेल्या फिल्मची चिकट बाजू त्याच्यावर दाबून झटकन उचलली, तर पुष्कळसा डिंक तिलाच लागून येतो. राहिलेल्यावर गोडेतेल किंवा खोबरेल चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, मग मऊ फडक्याने पुसावे आणि साबणाच्या पाण्याने धुवावे. एवढ्यानेही गेला नाही तर मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल स्पिरिट मिळते. ते आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून पाहावे. फडक्याला रंग आला नाही तरच बाहेर वापरावे, आणि तेही सावलीत, पत्रा थंड असताना. जवळ विडी-काडी नको. थिनर आणि नखांचा रंग काढायचे पाणी कधीही वापरू नये. गॅरेजातल्या रंगाला ती विरघळवून टाकतात. पेट्रोलही नको. त्याचा भडका उडायला एक ठिणगी पुरते.

निघालेली फिल्म पेटवून देऊ नका. व्हिनाइल जळले की त्याच्या धुरात आम्लाची वाफ असते. ती डोळ्यांना आणि छातीला बाधते. उकिरड्यावरही टाकू नका, गुरे खातात. गोळा करून बांधून घंटागाडीत द्यावी.

सगळे धुऊन पुसल्यावर त्या मुलाचा चेहरा उतरला. फिल्मखालचा रंग गडद आणि टवटवीत होता, टपाचा आणि दारांचा रंग उन्हाने फिका झालेला. गाडी दोन रंगांची दिसू लागली. तो म्हणाला, "चाचा, डाग पडला!" तो डाग नव्हता. झाकलेला रंग जसाच्या तसा राहिला होता, इतकेच. फिका भाग पॉलिशने थोडा उजळतो, पार सारखा होत नाही. पॉलिश म्हणजे वरचा क्लिअर किंचित घासून काढणेच असते, आणि तो अर्ध्या पानाएवढाच आहे. म्हणून यंत्राचे पॉलिश वारंवार करू नये. करायचे तर पॉलिशवाल्याला आधीच सांगावे की अमुक मडगार्ड दुसऱ्यांदा रंगवलेले आहे, तिथे यंत्र दाबू नको, हाताने कर.