घाई कोणाला आहे, ते आधी बघ

अगं, काल रात्री तो लाइटबिलाचा मेसेज तू थेट मला पाठवलास, फार बरं केलंस. ‘मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला आपली वीज तोडण्यात येईल, ताबडतोब अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.’ खाली एक साधा दहा आकडी मोबाइल नंबर. घरात बाळ, सासूबाईंची वाफेची मशीन विजेवर. पोटात गोळा आला असणारच. तो यावा म्हणूनच हे भामटे रात्रीची वेळ घालतात.

आता नीट ऐक. वीज कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. महावितरणचा मेसेज येतो तो एमएसईडीसीएल या नावाने, कुणाच्या खासगी नंबरवरून नाही. आणि तू त्या नंबरवर फोन केला असतास तर काय झालं असतं, सांगू? पलीकडचा अगदी गोड बोलतो. ‘मॅडम, फक्त दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल.’ त्यासाठी एक अ‍ॅप घ्यायला लावतो. त्या अ‍ॅपमधून तुझा स्क्रीन त्याला दिसतो. तू दहा रुपये भरतेस आणि तो तुझा पासवर्ड, ओटीपी सगळं वाचत बसतो.

असं काही आलं की तो मेसेज तिथेच सोड. महावितरणचं अ‍ॅप तुझ्या फोनमध्ये आहे, ते उघडून बिल बघ. बँकेचं काही असेल तर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर लाव. गूगलवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअर नंबरवर मात्र विसंबू नकोस, तिथेही हेच लोक आपले नंबर पेरून ठेवतात.

लिंक वाचायची एक युक्ती सांगते. आपल्या नावात आडनाव शेवटी असतं, तसंच साइटच्या पत्त्याचं. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी काय आहे, ते बघायचं. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही लिहू शकतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं, ते याचसाठी; हे शेपूट भामट्याला विकत मिळत नाही. सरकारी साइट बहुतेक वेळा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’वर संपते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि तशाच नावाच्या बनावट साइटही निघाल्या. पंधराशे रुपये बंद होतील या भीतीने बायका आधार नंबर आणि ओटीपी भरून मोकळ्या होतात. मला याचा फार संताप येतो. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना खरी साइट तूच उघडून दाखव, तिचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’वर संपतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओचं चलान किंवा लग्नाची पत्रिका म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी एपीके दिसलं, तर हात लावू नकोस. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मग तुझे ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जातात. सख्ख्या मामाच्या नंबरवरून आली तरी आधी मामाला फोन कर, कारण त्याचाच फोन त्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. आणि यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढं करूनही कधी फसलीस तर लाजून गप्प बसू नकोस. शिकलेली, नोकरी करणारी माणसं फसतात आणि घरात कळेल म्हणून दोन-दोन दिवस तोंड मिटून बसतात. तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातात आणि काढलेही जातात. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव; पैसे ज्या खात्यात गेले असतील तिथेच रोखायची व्यवस्था त्यांच्याकडे आहे. लगेच बँकेलाही कळव आणि तक्रारीचा नंबर लिहून घे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केला, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर आणखी पैसे गेले तर ते बँकेच्या अंगावर. म्हणजे रडायचं असेल तर फोन करून झाल्यावर रड. मग मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी एका शब्दाने बोलणार नाही, आणि तुझ्या घरी कुणी बोललं तर त्यांच्याशी मी बोलेन.

रविवारी येशील तेव्हा आईचा फोन घेऊन बसू. तिच्या व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांचं कुलूप लावायचं राहिलंय, आणि १९३० तिच्या फोनमध्ये सेव्ह करायचाय.