तांबं ठोकल्यावर फुटत का नाही? गोट्यांचा एक तास



धातूंचे गुणधर्म आपण दरवर्षी शिकवतो. वर्धनीयता, तन्यता या व्याख्या मुलांना तोंडपाठ असतात. एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, मिठाचा खडा ठोकला की चुरा होतो, मग तांबं का पसरतं?" मी म्हणालो, "कारण तांबं वर्धनीय आहे." ती गप्प बसली. मी गुणधर्माचं नाव सांगितलं होतं, कारण नाही. पुढच्या तासाला मी गोट्या घेऊन गेलो.

साहित्य: एकाच आकाराच्या 40 गोट्या, एक ताट, थोडी मळलेली कणीक.

पहिला थर: ताटात मध्ये एक गोटी ठेवा. तिच्याभोवती किती बसतात? बरोबर 6. त्यांच्याभोवती आणखी 12. झाल्या 19. घरंगळू नयेत म्हणून कणकेचा वेढा द्या.

दुसरा थर: आता गोट्या खळग्यांत ठेवायच्या. मधल्या गोटीभोवती 6 खळगे दिसतात, पण भरता येतात फक्त 3, एकाआड एक. हे मुलांना स्वतः करून पाहू द्या. या थरात 12 गोट्या बसतात.

तिसरा थर: खरी गंमत इथे आहे. जागा दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या थरातल्या गोट्यांच्या बरोबर डोक्यावर गोट्या ठेवल्या, तर क्रम होतो क-ख-क-ख. मॅग्नेशियमचे अणू असे रचलेले असतात. पहिल्या थरातल्या रिकाम्या राहिलेल्या खळग्यांवर ठेवल्या, तर क-ख-ग-क-ख-ग. तांबं, चांदी, सोनं आणि ॲल्युमिनियम यांची रचना अशी असते. बारावीच्या रसायनशास्त्रात मुलांना हीच रचना एफसीसी नावाने भेटते.

दोन्ही रचनांत आतल्या गोटीला 12 शेजारी असतात: बाजूला 6, वर 3, खाली 3. दोन्हीत 74 टक्के जागा भरते, 26 टक्के रिकामी राहते. एकसारखे गोळे याहून दाट रचता येत नाहीत, असा अंदाज केप्लरने 1611 मध्ये मांडला होता. त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी दिली, ती 1998 मध्ये!

मग फरक कुठे पडतो? क-ख-ग रचनेत असे दाट थर चार वेगवेगळ्या दिशांनी सापडतात, क-ख रचनेत एकाच दिशेने. दाट थर एकमेकांवरून सहज सरकतात. तांब्याला सरकायला वाटा जास्त, म्हणून ते मऊपणे वाकतं. थंड मॅग्नेशियमला वाटा कमी, म्हणून ते तितकं वाकत नाही.

आता मिठाचं. मिठात धन आणि ऋण आयन आलटून पालटून असतात. थर थोडा सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. धातूत इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक असतात. थर सरकला तरी बंध टिकतो.

एक काळजी घ्या. अख्खा थर एका दमात सरकतो असं सांगू नका. मोठी सतरंजी ओढून सरकत नाही, पण एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सरकते. धातूतही रचनेतला दोष असाच पुढे सरकतो. ठोकत राहिलं की हे दोष वाढतात आणि एकमेकांत अडकतात, धातू कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर हातोडीने मठारकाम करतात, त्याने भांडं मजबूत होतं ते यामुळेच. तेच तांबं तापवलं की अणू पुन्हा नीट बसतात आणि ते मऊ होतं.

सगळे धातू इतके दाट नसतात, हेही सांगा. साध्या तापमानाला लोखंडाच्या अणूला सर्वांत जवळचे शेजारी 8 च असतात आणि 68 टक्के जागा भरते.

घरी करून पाहा: तांब्याची तार एकाच जागी दहा-बारा वेळा वाकवा. ती हळूहळू कडक होत शेवटी तुटते. "का?" हे मुलांनाच विचारा. उत्तरात 'वर्धनीय' हा शब्द आला नाही तरी चालेल, थर आणि दोष आले पाहिजेत.